तहान दाखवायची, पाणी उसाला

कृष्णेचं नाहीतर म्हादईचं भांडण निघालं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, तू कुणाच्या बाजूचा. कर्नाटकाच्या, महाराष्ट्राच्या की गोव्याच्या. सीमाभागातल्या मराठी माणसाची यात पंचाईतच आहे, मन एकीकडं, मतदान कार्ड दुसरीकडं, शेताचा उतारा कन्नडमध्ये आणि पाहुणे सगळे चंदगड, गडहिंग्लज, मिरजेकडं. त्यामुळं बरेच जण गप्प बसतात नाहीतर ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतील त्या ग्रुपच्या बाजूनं बोलतात. मला वाटतं पाणी कुठल्या राज्यातनं कुठल्या राज्यात गेलं हे नंतर बघू, आधी विचारूया की ते कशाच्या नावानं मागितलं आणि शेवटी कुठं मुरलं. हे विचारलं की एक गोष्ट दिसते जी कुठल्याच राज्याला फारशी आवडणार नाही. मागताना सगळे तहान दाखवतात आणि मिळालं की मोठा वाटा जातो उसाला. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते जरा सविस्तर सांगायला लागेल कारण ऊसवाल्याला शिव्या घालणं लई सोपं आहे आणि ते मला करायचं नाही.

आधी आपल्या बेळगाव जिल्ह्याचा नकाशा बघा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पूर्वेला सौंदत्तीच्या धरणाकडं जाते. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलाकडनं म्हादई निघते आणि पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते. म्हणजे गोव्याच्या हिशेबानं आपण वरचे. घटप्रभा आणि हिरण्यकेशी महाराष्ट्रातनं येतात, त्यांच्यावर हिडकलचं धरण भरतं, तिथं आपण खालचे. दूधगंगा-वेदगंगा निपाणीच्या बाजूनं येतात, आणि कृष्णा सांगलीकडनं चिक्कोडी, रायबाग, अथणी करत अलमट्टीच्या धरणात जाते, तिथं आपण कोयनेच्या खाली आणि अलमट्टीच्या वर. एकाच जिल्ह्यातला माणूस एका नदीला वरचा, दुसऱ्या नदीला खालचा आणि तिसरीला दोन्ही. असा जिल्हा पाण्याच्या न्यायाची भाषा शिकायला एकदम बेस्ट, पण आपण शिकलो काय तर दोन तोंडांनी बोलायला.

मार्च-एप्रिलात अथणीकडं कृष्णेचं पात्र कोरडं पडलं की कर्नाटकाचे मुख्यमंत्री महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहितात, कोयना-वारणेतनं पाणी सोडा, माणसं-जनावरं तहानलेत. 2025 च्या उन्हाळ्यातही लिहिलं. त्या वेळी आपलं म्हणणं असतं की पाणी निसर्गाचं, माणुसकी म्हणून द्या. आणि तेच गोव्यानं म्हादईबद्दल म्हटलं की आपल्याला लगेच आठवतं, पाऊस आमच्या हद्दीत पडतो, आमचं पाणी आम्ही कुठंही वळवू. महाराष्ट्राचंही वेगळं नाही. अलमट्टीची उंची 519.6 वरनं 524.256 मीटर करायचं निघालं की सांगली-कोल्हापूरवाले पुराची भीती सांगतात, आणि ती भीती खोटी नाही, 2005, 2019 आणि 2021 बघितलेल्या माणसाला पाणी घरात शिरणं म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण उन्हाळ्यात कोयनेतनं खाली द्यायची वेळ आली की तिथनं विचारणा होते, बदल्यात आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या जतला किती देता. खालचा असताना एक नियम आणि वरचा असताना दुसरा, याला न्याय कसं म्हणायचं? 1997 साली संयुक्त राष्ट्रांनी देशादेशांतल्या नद्यांसाठी करार केला, त्यात सगळ्या देशांनी पाण्याचा न्याय्य आणि वाजवी वापर करावा असं तत्त्व आहे, आपला देश त्या मतदानात तटस्थ राहिला. तेव्हा दोन तोंडांनी बोलणं काय फक्त बेळगाव जिल्ह्याचं वैशिष्ट्य नव्हे म्हणा.

काही जण म्हणतील, हा सगळा भाषेचा नि सीमेचा प्रॉब्लेम आहे, बेळगाव महाराष्ट्रात गेलं की पाणी सुटेल. सीमाप्रश्नावर माझं मत जे आहे ते आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात खटला आहे, पण पाण्याचं मात्र असं होणार नाही हे मी खात्रीनं सांगतो. इचलकरंजी बघा. यंत्रमागाचं एवढं मोठं शहर, पंचगंगा घाण झालेली, कृष्णेची पाइपलाइन सारखी फुटते, म्हणून दूधगंगेवर सुळकूडला योजना मंजूर झाली. लगेच कागल तालुक्यातली गावं उठली, एक थेंब देणार नाही. दोन्हीकडं मराठी, दोन्हीकडं कोल्हापूर जिल्हा, दोन्हीकडं महाराष्ट्र सरकार, आणि भांडण मात्र शत्रू राष्ट्रांसारखं. आणि दुसरं टोक म्हणजे जत. 2022 च्या शेवटी कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगितला, कारण काय तर त्या गावांनी कधीतरी पाण्यासाठी आम्ही कर्नाटकात जातो असा ठराव केला होता. मग कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतमधल्या तिकोंडीच्या तलावात आलं, आणि इकडं महाराष्ट्रानं म्हैसाळच्या विस्तारित योजनेची फाइल पळवली. इतकी वर्षं जी तहान कुणाला दिसत नव्हती ती आठवडाभरात दोन्ही सरकारांना दिसली. म्हणजे पाणी होतं, द्यायची इच्छा झेंड्यामुळं जागी झाली. जतच्या माणसाला मी दोष देत नाही, घागर रिकामी असल्यावर माणूस झेंड्याचा रंग बघत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडं येऊ, कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायची योजना. म्हादई लवादानं ऑगस्ट 2018 मध्ये निकाल दिला, त्यात कर्नाटकाला एकूण 13.42 टीएमसी, त्यातलं वीजनिर्मितीचं वगैरे सोडलं तर मलप्रभेत वळवायला 3.9 टीएमसी, कळसाचं 1.72 आणि भांडुराचं 2.18. मागणी केली ती हुबळी-धारवाडच्या आणि आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी. आणि ती तहान खरी आहे, हुबळीत नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे तिथं पाहुणे असलेल्या कुणालाही विचारा. पण जरा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,832 कोटी लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर धरलं तर 3.9 टीएमसीत 22 लाखांच्या वर माणसं वर्षभर पितात, धुतात, आंघोळ करतात. हुबळी-धारवाड दोन्ही मिळून याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पाणी भरपूर झालं की.

आता दुसरा हिशेब. एक किलो साखरेमागं दीड हजार लिटरच्या पुढं पाणी लागतं असं धरतात, पावसाचं आणि पाटाचं मिळून. त्या हिशेबानं 3.9 टीएमसीत होते साधारण 73 हजार टन साखर. रोज पाच हजार टन गाळणारा एक कारखाना 140 दिवस चालला की तेवढी साखर होते. एक कारखाना, एक सीझन! बेळगाव जिल्ह्यात दोन डझनांच्या वर कारखाने आहेत. म्हणजे ज्या पाण्यासाठी मलप्रभेच्या कॅनॉलच्या शेवटाला असलेल्या नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी वर्षानुवर्षं धरणं धरून बसले, गोव्यानं कोर्ट-कचेऱ्या केल्या, खानापूरचं जंगल पणाला लागलं, तेवढं पाणी आपल्या जिल्ह्यातला एक कारखाना एका सीझनला पोत्यांत भरून बाहेर पाठवतो. हिशेब ढोबळ आहे, यातलं काही पाणी पावसाचं आहे जे पडणारच होतं, काही परत जमिनीत मुरतं, मान्य. निम्मं करा. तरी दोन कारखाने.

आणि मलप्रभेचंच बघा. सौंदत्तीचं नवीलुतीर्थ धरण 37 टीएमसीचं, भरतंय कधीतरी. लाभक्षेत्र आखताना जोंधळा, कापूस, गहू, भुईमूग असली कमी पाण्याची पिकं धरली होती. वरच्या अंगाला कॅनॉलच्या तोंडाशी ऊस आला, आणि टेलला, म्हणजे कॅनॉलच्या शेवटाला, नरगुंद-नवलगुंदला पाणी पोचेना. 1980 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केलं ते याच रागातनं, पाणी नाही आणि वर पट्टी भरा म्हणतात, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं तो राग हळूहळू म्हादईकडं वळवला गेला. वरच्या कॅनॉलच्या उसाला हात लावायचा तर आपल्याच मतदारांना, आपल्याच कारखान्यांना हात लावायला लागतो, त्यापेक्षा गोव्याला शिव्या घालणं परवडतं. त्या शिव्यांत आपली खानापूरची मराठी माणसंही कधी या बाजूनं कधी त्या बाजूनं ओढली जातात, आणि त्यांच्या पदरात काय पडतं? पावसाळ्यात धो धो पाऊस, कणकुंबी-जांबोटीकडं छत्री टिकत नाही, आणि मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांवर बायका झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरायलेत. नदी ज्यांच्या दारातनं निघते त्यांचं नाव कुठल्या टीएमसीत आहे का, मला तरी दिसत नाही.

ऊसवाल्याला शिव्या घालायच्या नाहीत म्हटलं ते का, आता सांगतो. अथणी-कागवाडकडं पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर. उसाला लागतं दोन हजारच्या आसपास. म्हणजे एका एकराला नदीतनं उपसून चौदाशे मिलिमीटर द्यायला लागतं, ते होतं 56 लाख लिटर. जलजीवन मिशनचा खेड्यातला माणशी 55 लिटरचा आकडा धरला तर तेवढ्यात 280 माणसांचं वर्ष निघतं. हे आकडे शेतकऱ्याच्या तोंडावर मारणारे शहरी विद्वान मला माहीत आहेत, बेळगावात कुंदा खात बसून उसाला दोष देणारे. पण दोन एकरवाल्यानं काय पेरावं हे सांगा की. जोंधळा पेरला तर हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र कधी उघडेल, उघडलं तर बारदान असेल का, पैसे कधी येतील, कुणालाच माहीत नाही. सोयाबीनचा भाव काढणीच्या वेळीच पडतो. भाजी लावली तर एका आठवड्यात टोमॅटो रस्त्यावर ओतायला लागतात. आणि ऊस? ऊस पुरात दोन दिवस बुडाला तरी उभा राहतो, गारपिटीनं मरत नाही, चोर नेत नाही, टोळी कारखान्याची, गाडी कारखान्याची, आणि एफआरपी नावाची, म्हणजे उसाला द्यायलाच लागणाऱ्या किमान दराची, एक तरी गोष्ट कायद्यानं बांधलेली आहे. बिल उशिरा येतं, काट्यात मारतात, रिकव्हरीत म्हणजे साखरेच्या उताऱ्यात मारतात, तरी येतं. 2025 च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर बसले ते टनाला 3500 मागायला, आणि शेवटी सरकारला 3300 वर यायला लागलं. जोंधळ्याच्या भावासाठी असा हायवे अडवलेला कधी बघितलाय का? जोंधळ्याच्या मागं कारखाना नाही, आमदार नाही, चेअरमन नाही. निपाणीकडं तंबाखूचं तेच, 1981 च्या आंदोलनात माणसं गोळीबारात गेली तेव्हा कुठं तंबाखूवाल्याकडं देशाचं लक्ष गेलं. ज्या पिकाला ताकद, त्याला भाव, आणि ज्याला भाव त्याला पाणी. भाकरीच्या पिकाला यातलं काहीच नाही. तेव्हा चूक करायची ती धोरण करतं आणि शेतकरी फक्त त्या धोरणानं ठेवलेल्या उघड्या दरवाजातनं आत जातो.

हा दरवाजा किती मोठा आहे ते बघायचं तर जिल्ह्याच्या बाहेर बघायला लागतं. 2021-22 च्या सीझनला भारतानं एक कोटी टनांच्या वर साखर परदेशात पाठवली. वरचाच दीड हजार लिटरचा हिशेब लावला तर ते सव्वापाचशे टीएमसीच्या पुढं जातं. कृष्णेच्या पाण्याच्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिले होते 560, कर्नाटकाला 700, आंध्रला 800. म्हणजे कृष्णेच्या एका राज्याच्या वाट्याइतकं पाणी, अगदी सगळं कृष्णेचं नसेल, उत्तर प्रदेशातलंही आहे, पण तेवढं पाणी एका वर्षात जहाजातनं गेलं आणि त्यावर ना लवाद बसला ना कुणी बस जाळली. लंडनचे प्राध्यापक टोनी अॅलन यांनी 1990 च्या दशकात ही कल्पना मांडली, धान्यात नि मालात लपून जाणारं पाणी, 2008 मध्ये त्यांना स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं. त्यांचा मुद्दा खरं तर आशेचा होता. कोरड्या देशांनी धान्य आयात करावं, म्हणजे पाण्यावरनं लढाया होणार नाहीत. मुद्दा बरोबर आहे, फक्त त्यात असं गृहीत आहे की ओला देश देईल आणि कोरडा घेईल. आपल्याकडं उलटं झालंय, उन्हाळ्यात नदी कोरडी पडणारा तालुका गोड करून बाहेर पाठवतो.

असले वेडे प्रयोग जगात बाकीच्यांनीही केलेत म्हणा. सौदी अरेबियानं 1980 च्या दशकात वाळवंटाखालचं हजारो वर्षांचं पाणी उपसून गहू पिकवला, इतका की निर्यात करायला लागले, मग पाणी आटलं आणि 2008 मध्ये ठरवून 2016 पर्यंत गहू बंद केला. आणि मग तिथल्या एका दूध कंपनीनं अमेरिकेत अॅरिझोनात जमिनी घेऊन तिथल्या जमिनीखालच्या पाण्यावर गाईंसाठी चारा पिकवायला सुरू केला, स्वतःची विहीर आटली की दुसऱ्याच्या विहिरीत मोटर. चिलीत पेटोर्का नावाचा भाग आहे, तिथं 1981 च्या कायद्यानं पाण्याचा हक्क जमिनीपासनं वेगळा काढून विकायला मोकळा केला, मोठ्या बागायतदारांनी हक्क घेतले, अॅव्होकॅडो युरोपला गेले आणि गावातल्या नदीचं वाळवंट होऊन लोक टँकरवर आले. 2022 मध्ये कायदा बदलून पिण्याच्या पाण्याला पहिला नंबर दिला. अथणीच्या माणसाला पेटोर्कात नेऊन सोडलं तर भाषा सोडून बाकी काहीच त्याला परकं वाटणार नाही.

धान्याचं बोलायचं तर 2023 आठवा. कर्नाटकात नवीन सरकार आलं, माणशी आणखी पाच किलो तांदूळ देऊ म्हणून सांगून आलं होतं, आणि जूनमध्ये केंद्रानं राज्यांना धान्य विकणंच बंद केलं. राज्य किलोला 34 रुपये द्यायला तयार होतं. शेवटी तांदळाऐवजी माणशी 170 रुपये खात्यात. राजकारण कुणी केलं हे ज्यानं त्यानं आपापल्या पक्षाप्रमाणं ठरवावं, मला टोचलं ते वेगळंच. याच केंद्राच्या एफसीआयच्या, म्हणजे अन्न महामंडळाच्या, गोदामातनं इथेनॉलच्या कारखान्यांना त्या जुलैपर्यंत तांदूळ जात होता 20 रुपये किलोनं. म्हणजे गरिबाच्या ताटासाठी 34 रुपयेही चालेनात आणि गाडीच्या टाकीसाठी 20 चालले. 2025 मध्ये परत लाखो टन तांदूळ इथेनॉलला द्यायचं ठरलं. आणि त्याच 2023 च्या जुलैत बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, देशात भाव वाढू नयेत म्हणून, ठीक आहे, पण पश्चिम आफ्रिकेतले सेनेगल-बेनिनसारखे देश आपल्या स्वस्त तांदळावर जगत होते, त्यांचं काय? जगातला जवळजवळ 40 टक्के तांदळाचा व्यापार एकट्या भारताचा. एवढ्या मोठ्या दुकानदारानं एका रात्रीत शटर ओढलं की गिऱ्हाईक कुठं जाणार. तांदळाच्या बाबतीत आपण जगाला वरचे आहोत, कोयनेसारखे. आणि कोयनेनं पाणी रोखलं की आपल्याला जो राग येतो तो राग सेनेगलच्या बाईला आला तर तिला आपण काय उत्तर देणार, आमच्या हद्दीत पिकलं म्हणून आमचं? हेच उत्तर आपण गोव्याला देतो आणि महाराष्ट्राकडनं ऐकलं की चिडतो.

एक गोष्ट जाता जाता. पाणी न मागता धान्य देणारी जमीन आपल्या उशाला आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगावची काळी जमीन, पावसाळ्यात बेळगाव बासमती, भात काढलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. कॅनॉल नाही, लवाद नाही, टीएमसी नाही. ही मसूर ज्यांनी खाल्ली त्यांना बाजारातली गोड लागत नाही. त्यातनं हलगा-मच्छे बायपास काढला, शेतकरी कोर्टात गेले, आंदोलनं झाली, उभ्या पिकात मशिनी शिरल्या. वरनं बळ्ळारी नाल्यातनं शहराची सगळी घाण पावसाळ्यात भातात शिरते. अन्नसुरक्षेवर सेमिनार घ्यायचं असेल तर हॉल बुक करू नका, त्या बांधावर घ्या, चहाचं मी बघतो.

शहरवाल्यांनी मात्र लगेच टाळ्या वाजवू नयेत. 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशातनं हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्यातल्या काही मोजक्या वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. एका गल्लीत दिवसभर नळ, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत आठवड्यानं पाणी येतं म्हणून पिंप, टाक्या, बादल्यांची रांग. धरण तेच, राकसकोप नि हिडकल. 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा पाहुण्यांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत विहीर खणली होती, काँग्रेस विहीर म्हणतात, अजून आहे. पाहुण्यासाठी विहीर खणणारं शहर आता पलीकडच्या गल्लीचंही बघत नाही, आणि हिडकलचं पाणी धारवाडच्या इंडस्ट्रीला नेतात म्हटल्यावर मात्र रस्त्यावर येतं. तो विरोध बरोबरच आहे माझ्या मते, पण मग गल्लीतल्या वाटपाबद्दलही आवाज निघायला पाहिजे की नको?

मग करायचं काय. पिण्याचं पाणी पहिलं, हे काही मी नवीन सांगत नाही, 1987 च्या राष्ट्रीय जलनीतीपासनं तो क्रम लिहिलेला आहे आणि 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं पाणी हा मानवी हक्क म्हणून ठराव केला तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. लिहिलंय सगळं, मोजत कुणी नाही. आणि वाटपाचा नैतिक पाया आपल्या भाषेत तर फार आधी घातला गेलाय. 1868 मध्ये जोतिबांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. दोघांनीही विचारलं नाही की तळं कुणाच्या हद्दीत आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली, तिचे नियम वाचले तर आजही अंगावर येतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळायचं नाही, माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. हे कुठल्या युरोपातल्या विद्यापीठानं सांगितलेलं नाही, कोरडवाहू खेड्यानं ठरवून पाळलेलं आहे. खानापुरातही असं झालं, आपलं नव्हे, सांगली जिल्ह्यातलं खानापूर, तिथं येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि प्रत्येक घराला पाण्याचा वाटा दिला.

अर्थात सगळीकडं ऊसबंदी करा असं मी म्हणत नाही, दोन एकरवाला मरेल त्यात, आणि कारखान्याच्या कर्जात अडकलेले सभासदही. पण तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि त्या कुणाच्या अस्मितेला धक्का लावत नाहीत. पिण्यासाठी म्हणून मंजूर झालेला प्रत्येक थेंब मोजायचा, कळसा-भांडुरा असो, सुळकूड असो की कोयनेतनं उन्हाळ्यात सोडलेलं, आणि वाटेत किती मोटरींनी तो उपसला ते गावाच्या बोर्डावर लावायचं. आता काय होतं, कोयनेतनं पिण्यासाठी पाणी सुटतं आणि दोन्ही काठांवर, तिकडं शिरोळकडं आणि इकडं कागवाडकडं, रात्री थ्री फेज आली की उसाच्या मोटरी चालू, महाराष्ट्राच्या उसाची आणि कर्नाटकाच्या उसाची यात मात्र कमालीची एकी आहे. नदीत पाणी आहे तोवर उपसणारा शेतकरी बेकायदा वागतोय असं त्याला वाटतच नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही की हे पाणी अथणीच्या नळाचं आहे. दुसरं, जोंधळ्याची, तुरीची खरेदी कारखान्याच्या गेटवर होते तशी करा, काटा तिथं, पावती तिथं, 14 दिवसांत पैसे, आणि तोच जोंधळा इथल्याच रेशनला द्या. आमच्याकडची माणसं भाकरी खातात, त्यांना छत्तीसगडहून आलेला तांदूळ द्यायचा आणि त्यांच्या शेतात साखर पिकवून बाहेर पाठवायची यात अन्नसुरक्षा कुठं आहे मला कळत नाही. आणि उसाला ठिबक सक्तीचं करायचं असेल तर त्याचा खर्च कारखान्यानं उचलावा, इथेनॉलचा नफा त्यांच्याकडं जातो, पाणी मात्र नदीचं.

यावर एक आक्षेप येतो तो मला खरंच अडवतो. समजा इथल्या शेतकऱ्यानं ऊस कमी केला, पाणी वाचवलं, तर ते खाली अलमट्टीत जाईल, तिथनं आणखी कुणाच्या तरी उसाला, नाहीतर तेलंगणाच्या भाताला जाईल. आपण उपाशी राहून दुसऱ्याची पंगत का भरायची? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. एवढंच म्हणता येतं की पहिल्यांदा जो थांबेल त्याला बाकीच्यांकडं हिशेब मागायचा अधिकार येतो, आणि आज तो अधिकार कृष्णेच्या काठावर कुणाकडंच नाही, ना साताऱ्याकडं, ना सांगलीकडं, ना आपल्याकडं. म्हणून आपापल्या तालुक्यातनं सुरुवात करावी असं मला वाटतं. पुढच्या उन्हाळ्यात कोयनेचं पाणी मागायला आपल्याकडनं शिष्टमंडळ मुंबईला जाईलच, मराठी-कन्नड दोन्ही पुढारी एकाच गाडीत बसून जातात त्या वेळी. जाताना त्यांनी अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडीच्या उसाच्या नोंदीचा रजिस्टर बरोबर न्यावा, आणि तिकडच्या मंत्र्यांनी शिरोळ, वाळवा, कराडचा आपला रजिस्टर काढून समोर ठेवावा. मग पाण्याची बोलणी सुरू करावीत.